माघार हवी होती, काबूल नको होते

२०२१ च्या एप्रिलमध्ये 'पॉलिटिको' आणि 'मॉर्निंग कन्सल्ट' यांनी अमेरिकेत घेतलेल्या मतचाचणीत ६९ टक्के मतदारांना अफगाणिस्तानातून सगळ्या फौजा परत आणाव्यात असे वाटत होते. ऑगस्टच्या मध्यावर, ऐन काबूल पडत असताना, त्यांनीच पुन्हा विचारले तेव्हा हा आकडा ४९ वर आला होता. चार महिन्यांत वीस अंक गेले. मधल्या काळात धोरण तसूभरही बदलले नव्हते. अध्यक्ष जो बायडन यांनी एप्रिलमध्ये जे करतो म्हणून सांगितले, तेच ऑगस्टमध्ये केले होते. बहुमताला हवा असलेला निर्णय घ्यायचा, तो तडीस न्यायचा आणि नेमके त्यातूनच त्या बहुमताच्या मनातून उतरायचे, असे हे विचित्र प्रकरण आहे.

अमेरिकेची युद्धे आणि तिथले जनमत हा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'जनतेला युद्ध नकोच असते, सरकार आणि शस्त्रवाले ते लादतात.' दुसरे, 'तिकडच्या सामान्य माणसाला नकाशात काबूल कुठे आहे तेही सांगता यायचे नाही, त्याच्या मताला काय अर्थ?' हे प्रकरण तारीखवार लावून पाहिले तर दोन्ही वाक्ये अपुरी पडतात.

नऊ टक्क्यांपासून सत्तेचाळीसपर्यंत

सुरुवात अर्थातच ११ सप्टेंबर २००१ पासून. हल्ल्याच्या आधी अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कामावर समाधानी असलेले लोक गॅलप या मतचाचणी संस्थेच्या मोजणीत ५१ टक्के होते; दोन आठवड्यांच्या आत ते ९० टक्के झाले. १४ सप्टेंबरला लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. ते एकमेव विरोधी मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. ७ ऑक्टोबरला बॉम्बफेक सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये गॅलपने विचारले, 'अफगाणिस्तानात सैन्य पाठवणे ही चूक होती का?' 'हो' म्हणणारे ९ टक्के निघाले.

हा 'चूक होती का' प्रश्न गॅलप कोरियाच्या युद्धापासून विचारत आलेले आहे, त्यामुळे युद्धांची तुलना करता येते. व्हिएतनामच्या बाबतीत १९६५ च्या ऑगस्टमध्ये चूक म्हणणारे २४ टक्के होते आणि तीन वर्षांत ते ५३ टक्के झाले. अफगाणिस्तानात चूक म्हणणारे आणि न म्हणणारे बरोबरीला यायला बारा वर्षे लागली: २०१४ च्या फेब्रुवारीत ४९ विरुद्ध ४८. माघार चालू असताना, म्हणजे २०२१ च्या जुलैमध्ये, हा आकडा होता ४७ विरुद्ध ४६.

या शेवटच्या आकड्यापाशी जरा थांबायला हवे. फौजा परत आणा म्हणणारे जवळपास सत्तर टक्के, आणि युद्ध चूक होते म्हणणारे अर्ध्याहूनही कमी. म्हणजे 'परत या' म्हणणाऱ्यांत युद्ध योग्यच होते असे मानणारेही पुष्कळ होते. व्हिएतनामच्या वेळी माघारीच्या मागणीला रस्त्यावरच्या संतापाचे इंधन होते. इथे संताप फारसा नव्हता. कंटाळा होता, आणि त्याहून जास्त विसर पडला होता.

तो कसा पडला याची कारणे सरळ आहेत. सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून अमेरिकेचे सैन्य स्वेच्छेने भरती झालेल्यांचे आहे आणि कुठल्याही वेळी गणवेशात असलेले लोक लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी असतात. बहुतेक घरांतून कुणीच जात नाही. पैशाचेही तेच. युद्धासाठी वेगळा कर बसला नाही. उलट २००१ आणि २००३ मध्ये कर कमी झाले आणि युद्ध कर्जावर चालले. ब्राउन विद्यापीठातल्या अभ्यासगटाने या युद्धाचा खर्च २.३ लाख कोटी डॉलरच्या घरात धरला आहे, पण त्याचे बिल कुणाच्या दारात आले नाही. वीस वर्षांत २,४०० हून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक. जॉन म्यूलर या राज्यशास्त्रज्ञाने कोरिया आणि व्हिएतनामवरून दाखवले होते की मृतांचा आकडा वाढतो तसा युद्धाचा पाठिंबा उतरतो. अफगाणिस्तानात मृत्यू इतके विरळ पसरलेले होते की उतरण्याचा वेगही मंद राहिला.

मग प्रसारमाध्यमे. अँड्र्यू टिंडॉल हे गृहस्थ अमेरिकेतल्या तीन मोठ्या वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातमीपत्रांची मिनिटे मोजत आले आहेत. त्यांच्या मोजणीत २०२० या पूर्ण वर्षात तिन्ही वाहिन्यांनी मिळून अफगाणिस्तानला दिलेला वेळ होता पाच मिनिटे. करोना आणि निवडणुकीचे वर्ष होते हे मान्य, तरी अमेरिकी फौजा लढत असलेल्या देशाला वर्षभरात पाच मिनिटे! त्याच्या आधी, डिसेंबर २०१९ मध्ये, 'वॉशिंग्टन पोस्ट'ने सरकारी मुलाखतींचा मोठा गठ्ठा उघड केला होता. युद्ध नीट चालले नाही हे अधिकाऱ्यांना ठाऊक होते आणि बाहेर मात्र प्रगती होत असल्याचे सांगितले जात होते, हे त्यातून दिसले. १९७१ मध्ये व्हिएतनामबद्दलची अशीच कागदपत्रे फुटली तेव्हा देश हादरला होता. या वेळी त्याच महिन्यात डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग आला आणि अफगाणिस्तानचा गठ्ठा त्याखाली दबून गेला.

एप्रिलचे गणित

बायडन यांच्या हाती जे आले ते ट्रम्प यांनी मांडून ठेवलेले होते. २९ फेब्रुवारी २०२० रोजी कतारमधल्या दोह्यात अमेरिकेचे दूत झल्मे खलीलझाद आणि तालिबानचे मुल्ला अब्दुल गनी बरादर यांनी करारावर सह्या केल्या. अमेरिकी फौजा चौदा महिन्यांत, म्हणजे १ मे २०२१ पर्यंत, निघणार. तालिबान त्यांच्यावर हल्ले करणार नाही. अफगाण सरकार त्या टेबलावर नव्हतेच, तरी त्याने पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडायचे असे त्यात लिहिलेले होते. ट्रम्प यांनी जाता जाता सैनिकांची संख्या २,५०० वर आणली.

बायडन यांचे मत जुने होते. २००९ मध्ये ओबामांनी ३० हजार जादा सैनिक पाठवले तेव्हा उपाध्यक्ष असलेल्या बायडन यांनी आतून विरोध केला होता. २०२१ मध्ये सेनाधिकाऱ्यांचा सल्ला २,५०० सैनिक तिथेच ठेवण्याचा होता. त्या भागातल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल केनेथ मॅकेन्झी यांनी पुढे सप्टेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे तसे आपले मत होते हे सांगितले. (ऑगस्टमध्ये एका मुलाखतीत बायडन म्हणाले होते की असा सल्ला कुणी दिल्याचे त्यांना आठवत नाही.) १४ एप्रिलला व्हाइट हाऊसच्या ज्या दालनातून बुश यांनी २००१ मध्ये युद्ध सुरू झाल्याचे सांगितले होते, त्याच दालनातून बायडन यांनी ते संपत असल्याचे जाहीर केले. हे युद्ध चार अध्यक्षांनी सांभाळले, पाचव्याच्या गळ्यात ते घालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

अखेरची तारीख त्यांनी दिली ११ सप्टेंबर २०२१. मला या तारखेत सगळ्या प्रकरणाची मेख दिसते. अफगाणिस्तानात लढाईचा हंगाम उन्हाळ्यात असतो; हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद होतात आणि लढाई थंडावते. सैन्य काढायचे तर त्या वेळापत्रकाकडे बघून तारीख धरावी. इथे तारीख धरली ती अमेरिकी प्रेक्षकाकडे बघून: हल्ल्याला वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी 'युद्ध संपले' असे भाषण. पुढे ती ३१ ऑगस्टवर आणली, पण माघार ऐन हंगामातच राहिली.

राजकीय धोका मात्र कागदावर कुठे दिसत नव्हता. डेमोक्रॅट मतदार बाजूने होते. विरोधी पक्षाच्या सर्वांत मोठ्या नेत्याने स्वतः करार केलेला. ट्रम्प यांनी एप्रिलमध्ये निवेदन काढले की बाहेर पडणे ही उत्तमच गोष्ट आहे, फक्त मे महिन्याच्या माझ्या तारखेच्या जवळपास राहा. जूनच्या अखेरीस ओहायोतल्या सभेत त्यांनी फुशारकी मारली की ही प्रक्रिया मीच सुरू केली, आता यांना ती थांबवता येत नाही. दोन्ही पक्षांचे सर्वोच्च नेते एका बाजूला आणि सत्तर टक्के लोक त्यांच्यामागे, अशी मांडामांड राजकारणात क्वचित जमते.

पण त्या सत्तर टक्क्यांना विचारलेल्या प्रश्नात किंमत कुठे होती? सोसायटीच्या सभेत 'गच्चीची गळती काढायची का?' असे विचारले की सगळे हात वर जातात; 'प्रत्येकी पन्नास हजार' म्हटले की निम्म्यांचे फोन वाजू लागतात. ऑगस्टमध्ये मॉर्निंग कन्सल्टने किंमत घालून विचारले: तालिबानने देश पुन्हा ताब्यात घेतला तरी माघार हवी का? पाठिंबा चाळिशीच्या खाली गेला. हा प्रश्न एप्रिलमध्येही विचारता आला असता, आणि उत्तर बहुधा फार वेगळे आले नसते.

८ जुलै

१ जुलैच्या रात्री अमेरिकी सैन्य काबूलजवळचा बगराम हवाई तळ सोडून गेले. अफगाण अधिकाऱ्यांची तक्रार अशी की आम्हाला सकाळी कळले. आठवड्याने, ८ जुलैला, बायडन पत्रकारांसमोर आले. ही प्रश्नोत्तरे नंतर इतक्यांदा दाखवली गेली की भाषणाचा बाकी भाग लोक विसरले.

तालिबानचा कब्जा आता अटळ आहे का, असे विचारल्यावर ते नाही म्हणाले. अफगाण सैन्य तीन लाख, सुसज्ज. तालिबान सुमारे पंचाहत्तर हजार. तालिबान सगळा देश गिळेल याची शक्यता फारच कमी. मग व्हिएतनामशी साम्य दिसते का, असा प्रश्न आला. अजिबात नाही, शून्य, असे त्यांचे उत्तर. आणि वर, अमेरिकी वकिलातीच्या छतावरून माणसे उचलून नेताना दिसतील अशी परिस्थिती येणारच नाही, असेही ते बोलून गेले.

तीन लाख हा आकडा पगारपत्रकावरचा होता. त्यात पोलीस धरलेले, आणि जी नावे पगार उचलत पण प्रत्यक्षात नव्हती तीही धरलेली. अफगाण पुनर्बांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्याच महानिरीक्षकांनी अशा 'भूत' सैनिकांबद्दल वर्षानुवर्षे अहवाल दिले होते. शिवाय त्या सैन्याची विमाने परदेशी कंत्राटदारांच्या देखभालीवर उडत होती आणि माघारीत कंत्राटदारही निघाले होते. हे सगळे अहवाल खुले होते, कुणालाही वाचता येत होते. ज्या विषयाला वर्षात पाच मिनिटे मिळतात त्याचे अहवाल वाचायला मतदार जात नाही, हे समजण्यासारखे आहे. अध्यक्षांनी तरी तो आकडा तसाच का वापरला?

माझे उत्तर असे. 'सरकार पडू शकते, तालिबान येऊ शकतो, तरीही निघणे भाग आहे, कारण राहिलो तर १ मे नंतर ते पुन्हा आपल्या पोरांवर गोळ्या झाडतील' असे बोलले असते तर ते खरे ठरले असते. पण त्याने काबूलमधले सरकार त्याच दिवशी डळमळले असते, आणि इकडे ६९ चे ४९ जुलैमध्येच झाले असते. अफगाणिस्तानचे अध्यक्ष अश्रफ गनी यांनी जूनमध्ये वॉशिंग्टनला येऊन, मोठ्या प्रमाणावर माणसे हलवू नका, लोकांचा धीर सुटेल, असे सांगितल्याचे बायडन यांच्या प्रशासनाने नंतर म्हटले. दोन्हीकडची भीती एकच आणि उपायही एकच: बोलायचे नाही. न बोलण्याने जुलै सुखरूप निघाला खरा.

ऑगस्ट

पुढचे बहुतेकांना आठवत असेल. ६ ऑगस्टला झरंज ही पहिली प्रांतिक राजधानी पडली. १५ तारखेला गनी देश सोडून गेले आणि तालिबान काबूलमध्ये शिरले. १६ तारखेला धावपट्टीवर सरकणाऱ्या अवाढव्य सी-१७ विमानाच्या बाजूने माणसे पळताहेत, काही त्याला लटकली आहेत, आणि उड्डाणानंतर त्यातली काही खाली पडताहेत, ही दृश्ये जगभर गेली. त्याच दिवशी बायडन म्हणाले की आपल्या निर्णयाच्या मागे ते ठाम उभे आहेत. २६ तारखेला विमानतळाच्या ॲबी गेटपाशी आत्मघाती स्फोट झाला: १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण मेले. फेब्रुवारी २०२० नंतर शत्रूच्या हल्ल्यात अफगाणिस्तानात मेलेले हे पहिले अमेरिकी सैनिक. २९ तारखेला काबूलमध्ये ड्रोनने एक मोटार उडवली. दहशतवादी मारले असे सांगितले गेले, आणि १७ सप्टेंबरला पेंटॅगॉनने कबूल केले की मेलेले दहाही जण सामान्य नागरिक होते, त्यात सात मुले. ३० ऑगस्टला मध्यरात्रीच्या मिनिटभर आधी शेवटचे विमान उडाले. दोन आठवड्यांत सव्वा लाखाच्या आसपास माणसे बाहेर काढली गेली होती. अमेरिकेचे सर्वोच्च सेनाधिकारी जनरल मार्क मिली यांनी सिनेटपुढे या सगळ्याला रसदीच्या दृष्टीने यश आणि रणनीतीच्या दृष्टीने अपयश म्हटले, ते मला पटते.

मतचाचण्यांत अफगाण माणसाला कुणी विचारले नाही, हे सांगायची गरज नाही. त्या दिवसांत पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी व्हिसाची मुदत, बंद पडलेल्या बँका आणि घरून न येणारे फोन यांत अडकले होते. मराठी वर्तमानपत्रांतून त्यांच्या मुलाखती येत होत्या. अमेरिकेने जावे की राहावे यावर त्यांच्यातही एकमत नव्हते. 'असे' जाऊ नये यावर होते.

एका आठवड्यातले दोन आकडे

अभ्यासाच्या दृष्टीने मला सगळ्यांत रंजक वाटतो तो ऑगस्टचा शेवटचा आठवडा. प्यू संशोधन केंद्राने २३ ते २९ ऑगस्ट दरम्यान विचारले: सैन्य काढण्याचा निर्णय बरोबर होता की चूक? बरोबर ५४, चूक ४२. जवळपास त्याच दिवसांत 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि एबीसी वाहिनीच्या चाचणीत माघारीच्या निर्णयाला पाठिंबा निघाला पाऊणशेच्याही वर, ७८ टक्के. पण त्यात ५२ टक्के असे, की निर्णय मान्य पण बायडन यांनी तो ज्या रीतीने पार पाडला ते अमान्य. निर्णयही मान्य आणि हाताळणीही मान्य असे फक्त २६.

५४ आणि ७८ यांत चोवीस अंकांचा फरक. एखाद्या संस्थेने घोळ घातला असे नाही. दोघांची पद्धत नावाजलेली आहे. 'बरोबर की चूक' असे विचारले की माणूस टीव्हीवर जे बघतोय त्या सगळ्याचाच निकाल देतो. 'पाठिंबा आहे का' असे विचारले की त्याचे लक्ष प्रश्नातल्या गोष्टीवर, म्हणजे तिथे राहायचे की नाही यावर, जाते. निदान मी तरी हा फरक असा लावतो. दोन्हीकडे हाताळणीचा निकाल सारखाच वाईट होता: प्यूच्या चाचणीत ४२ टक्क्यांनी ती सरळ 'वाईट' म्हटली आणि चांगली किंवा उत्कृष्ट म्हणणारे जेमतेम पाव भाग. त्याच चाचणीत ६९ टक्के म्हणाले की अफगाणिस्तानातली उद्दिष्टे गाठण्यात अमेरिका अपयशी ठरली. एपी ही वृत्तसंस्था आणि एनओआरसी ही संशोधन संस्था यांच्या ऑगस्टच्या चाचणीत ६२ टक्के लोकांना हे युद्ध लढण्याच्या लायकीचेच वाटले नव्हते. विमानाला लटकलेली माणसे बघूनही लोक 'परत जा, लढा' म्हणाले नाहीत. वाहिन्यांवर बसलेले अनेक माजी सेनाधिकारी मात्र त्याच सुरात बोलत होते.

खापर कुणाच्या डोक्यावर

'काबूलने बायडन यांना बुडवले' हे वाक्य आता इतिहासासारखे वापरले जाते. गॅलपचे आकडे ओळीने ठेवून बघा. जानेवारी ५७, जून ५६, जुलै ५०, ऑगस्ट ४९, सप्टेंबर ४३. जून ते जुलैमधली सहा अंकांची पहिली उतरण काबूलच्या आधीची आहे. तेव्हा करोनाचा डेल्टा प्रकार पसरत होता आणि जुलैच्या सुरुवातीला साजरा केलेला विजय फसवा ठरत होता. महागाईचा दर उन्हाळ्यातच पाच टक्क्यांवर गेला होता, पुढच्या जूनमध्ये तो ९.१ वर पोचला. ऑगस्ट ते सप्टेंबरचे सहा अंक काबूलच्या खाती टाकायला माझी हरकत नाही. पण सावरू न देण्याचे काम भाजी, पेट्रोल आणि घरभाडे यांनी केले. गॅलपच्या मोजणीत बायडन पुन्हा पन्नाशी गाठू शकले नाहीत.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. १९६१ च्या एप्रिलमध्ये क्युबातले कास्ट्रो सरकार उलथवण्याची 'बे ऑफ पिग्ज'ची मोहीम साफ फसली आणि जॉन केनेडींची लोकप्रियता गॅलपमध्ये ८३ टक्क्यांवर गेली! केनेडींनी जबाबदारी अंगावर घेतली, हे कारण नेहमी दिले जाते. बायडन यांनीही जबाबदारी आपलीच म्हटले होते, सोबत अफगाण सैन्य लढलेच नाही असा ठपकाही ठेवला होता. पण महत्त्वाचा फरक दुसरीकडे आहे. केनेडींनी त्याच आठवड्यात विरोधी पक्षाचे माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना कॅम्प डेव्हिडला बोलावले, दोघे सोबत फिरले, आणि आयझेनहॉवर यांनी देशाला अध्यक्षांच्या पाठीशी उभे राहायला सांगितले. २०२१ मध्ये असा कुणी माजी अध्यक्ष नव्हता. जूनमध्ये माघारीचे श्रेय घेणारे ट्रम्प ऑगस्टमध्ये बायडन यांचा राजीनामा मागत होते.

आणि त्यांच्यामागून पक्ष वळला. प्यूच्या चाचणीत रिपब्लिकनांपैकी ६४ टक्क्यांनी निर्णय चूक ठरवला. डेमोक्रॅटांपैकी ७० टक्क्यांनी बरोबर. परराष्ट्र धोरणावर लोक आपल्या पक्षाच्या नेत्यांकडे पाहून मत बनवतात, असे जॉन झॅलर वगैरे अभ्यासक तीस वर्षे सांगत आहेत. अफगाणिस्तानसारख्या दूरच्या, विसरलेल्या विषयात मताची मुळे उथळ असतात, त्यामुळे नेता फिरला की मत फिरते. एप्रिलमधला दोन्ही पक्षांचा पाठिंबा बायडन यांनी आपल्या निर्णयाचा म्हणून मोजला होता. त्यातला निम्मा दुसऱ्याच माणसाच्या नावावर होता.

वेगळे करता आले असते का

वर्गात हे प्रकरण चर्चेला घेतले तर विद्यार्थी लगेच २,५०० सैनिकांवर येतील: थोडे ठेवायचे, खर्च कमी, मृत्यू जवळजवळ शून्य. मला यात एक पळवाट दिसते. दीड वर्ष कुणी मेले नाही ते दोहा करारामुळे. करार मोडला की तालिबान पुन्हा अमेरिकनांवर हल्ले करणार हे उघड होते, आणि तेव्हा २,५०० चे दहा हजार करायला लागले असते. त्या दहा हजारांसाठी लोकांकडे जायची तयारी कुणाचीच नव्हती.

भाषांतरकार, चालक, मदतनीस अशा ज्यांना व्हिसा देणे लागत होते त्यांना मेपासूनच विमानात बसवायला सुरुवात करणे शक्य होते. हजारो अर्ज वर्षानुवर्षे पडून होते. पहिले विमान व्हर्जिनियात उतरले ते ३० जुलैला. बगराम ठेवावा की काबूलचा नागरी विमानतळ, हा वाद लष्करी माणसांचा आहे, त्यात मी पडत नाही. तारीख हिवाळ्यात नेता आली असती. आणि जुलैमध्ये बायडन यांनी तीन लाखांचा आकडा उच्चारला नसता तर ऑगस्टमध्ये तो त्यांच्या तोंडावर मारला गेला नसता. यातल्या कशानेही तालिबान थांबला नसता. धावपट्टीवरची गर्दी मात्र कमी झाली असती, आणि लोकांचा निकाल माघारीवर कमी आणि त्या गर्दीवर जास्त होता, हे ५२ टक्क्यांनी सांगितलेच आहे.

८१ टक्के

ऑगस्टच्या त्याच दिवसांत सीबीएस वाहिनी आणि यूगव्ह ही मतचाचणी संस्था यांच्या चाचणीत विचारले होते की अमेरिकी सैन्याबरोबर काम केलेल्या अफगाणांना अमेरिकेत यायला मदत करावी का. हो म्हणाले ८१ टक्के. ध्रुवीकरणाच्या या काळात अमेरिकेत ८१ टक्के लोक क्वचितच कशावर एकत्र येतात. माघारीबद्दलच्या या चाचण्यांतला हा सर्वांत मोठा आकडा आणि सर्वांत कमी चर्चा झालेला.

आलेल्यांपैकी बहुतेकांना तात्पुरता प्रवेश मिळाला होता, कायमच्या वास्तव्याचा हक्क नव्हता. तो देणारे 'अफगाण ॲडजस्टमेंट ॲक्ट' हे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये आले. दोन्ही पक्षांचे सदस्य त्यावर सहीला होते, माजी सैनिकांच्या संघटना त्यामागे लागल्या होत्या. काही सिनेटरांनी तपासणी पुरेशी कडक नाही म्हणून ते रोखून धरले आणि ते मंजूर झालेच नाही. पुढच्या काँग्रेसमध्ये पुन्हा आणले तेव्हाही नाही. ते अडवल्याबद्दल कुणाची जागा गेली असे मला तरी कुठे दिसले नाही. २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीत लोकांनी मते दिली ती महागाई आणि गर्भपाताच्या हक्कावर. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या हजारो अफगाणांचे तात्पुरते संरक्षणही सरकारने संपवले.